परत आलेली ओटी

‘या ना एकदा घरी’ ही पद्माकर टिपणिसांची जुनी खोड. लीड्सच्या हॉस्पिटलात भूल द्यायचे तेव्हा ते टेबलावर आडव्या झालेल्या पेशंटलाही हे आमंत्रण द्यायचे, आणि त्यातले दोघं बरे झाल्यावर खरंच येऊन जेवून गेले होते. आपल्याकडे कसं, ‘या ना घरी’ म्हटलं की समोरचा ‘येऊ की’ म्हणतो आणि दोघंही आपापल्या वाटेनं सुखानं जातात. पण ही सोय सगळ्या जगाला ठाऊक असते थोडीच! त्या रविवारी सुनीतीच्या डोहाळजेवणाला लंडनजवळच्या पिनरच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पद्माकरांची थोरली बहीण शशी लीड्सहून आणलेला खण-नारळ घेऊन सुनीतीची ओटी भरायला वाकली होती. आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली.

“पद्या, बघ रे कोण आहे,” शशीवन्सं वाकलेल्याच राहून म्हणाल्या. “आणि मराठी मंडळाच्या बायका असतील तर म्हणावं चपला बाहेर. आतमध्ये ढीग झालाय.”

पद्माकरांची बायको आशा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हिरव्या साडीतल्या सुनेकडे बघून तिचे डोळे भरून येत होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं उगाच हातात झारा धरला होता. हे डोहाळजेवण काही सहजासहजी मिळालेलं नव्हतं. सुनीती बर्मिंगहॅमला जन्मलेली, घरांच्या खरेदीविक्रीचे कागद बघणारी सॉलिसिटर. ती हो म्हणाली ती अटी घालून. “आई, तो मुलगा-मुलगीचा गेम नको. गाणी दोनच. आणि देव, नवस, ते सगळा नको, प्लीज. इट्स माय बॉडी.” आशानं सगळं कबूल केलं होतं. सुनेशी तिचं भांडण कधीच नव्हतं. पण आठ वर्षांत दोघी एकमेकींशी इतक्या जपून वागल्या होत्या, की भांडण झालं असतं तर बरं, असं आशाला कधी कधी वाटायचं.

बाहेरून पद्माकरांचा आवाज आला. “अरे वा! वा वा! या या!” आणि मग जरा खाली येऊन, “अं... आशा? जरा येतेस का?”

दारात दोन माणसं होती. पुढचा साठीचा, गोलमटोल, आणि त्याच्या अंगावर कोटावरून तिरका निळा-पांढरा-तांबडा पट्टा बांधलेला, वरातीत चुकलेल्या नवरदेवासारखा. मागचा उंच, काळाभोर, तरुण, गळ्यात पाद्र्याची पांढरी कॉलर. पहिल्याच्या हातात टोपी ठेवायची असते तशी गोल पेटी होती आणि ती त्यानं पोटाशी अशी धरली होती की कुणी हिसकावून नेईल.

“दोक्तर!” पहिला म्हणाला, आणि त्यानं पद्माकरांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. शशीवन्सं हातातल्या नारळासकट सरळ झाल्या.

आशानं त्याला ओळखलं आणि तिच्या हातातला झारा खाली पडला.

तो सेंत-ऑस्तीलचा मेयर होता. गेल्या ऑक्टोबरात पद्माकरांनी अर्ध्या दरात मिळाली म्हणून फ्रान्सची कोचची सहल ठरवली, ती नेमकी नवरात्रात. आशानं दर नवरात्रात देवीची ओटी भरलेली. एकही वर्ष चुकलं नव्हतं. आता कोचमध्ये कुठली आलीय देवी? तरी तिनं खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं पर्समध्ये घातलं, म्हटलं बघू, कुठंतरी होईल. तिसऱ्या दिवशी कोच त्या गावात थांबली.

गाव म्हणजे मठाला घातलेली प्रदक्षिणाच म्हणा ना. हजारेक वर्षांपूर्वी ऑस्तील नावाच्या साध्वीनं तिथं बायकांचा मठ काढला. साध्वींना पाव हवा म्हणून भट्टीवाला आला, वहाणा हव्यात म्हणून चांभार आला, यात्रेकरू यायला लागले तसा खाणावळवाला आला, आणि बघता बघता मठाभोवती गाव झालं. अजून सगळे रस्ते गोल, जुन्या भिंतीच्या कडेकडेनं जाणारे. पुढे राज्यक्रांतीत साध्वींना हाकललं, अर्धा मठ लोकांनी फोडून नेला आणि त्याच्या दगडांची आपापली घरं बांधली. उरलं एक भलंमोठं चर्च आणि त्याच्यापुढं कुणासाठी उभं आहे ते विसरलेलं गाव.

पद्माकर कॅफेत मेयरशी मनोऱ्याच्या उंचीवरून हातवारे करत वाद घालत बसले, आणि आशा एकटीच चर्चमध्ये शिरली. आत कुणी नव्हतं. कोपऱ्यात ऑस्तीलची दगडी मूर्ती होती. बाई उभी, झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढं धरलेला. त्यात म्हणे पूर्वी दगडी पाव होते, दुष्काळात तिनं गावाला वाटलेले. क्रांतीत कुणीतरी ते फोडले. आशाला हे नंतर कळलं. तेव्हा तिला दिसलं ते एवढंच, की एक बाई पदर पसरून उभी आहे आणि तिच्या पदरात कुणी काही घातलेलं नाही. असं दिसल्यावर टिपणिसांच्या घरातली कुठली बाई नुसती पुढं जाईल? आशानं इकडंतिकडं बघितलं, कुंकू लावलं, आणि ओटी भरली. मग ती बोलली. घरात ज्याविषयी ती एका शब्दानं बोलली नव्हती ते सगळं बोलली, कारण या बाईची पिनरमध्ये कुणाशी ओळख नव्हती.

आणि आता तिच्याच गावचा मेयर पिनरच्या सोफ्यावर, मंडळाच्या दोन बायकांच्या मधोमध बसला होता.

मेयरला इंग्लिश येत नव्हतं. पाद्र्याला, फादर कोमलांना, थोडं यायचं. ते मूळचे आफ्रिकेतल्या टोगोचे. घरात फ्रेंच येणारं एकच माणूस होतं, युनिव्हर्सिटीचं एक वर्ष तिकडं काढलेलं, आणि ते हिरवी साडी नेसून, पोटावर हात ठेवून, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसलं होतं.

“सुनीती, बाळा, विचार ना हे इकडं कसे काय,” पद्माकर म्हणाले.

“बाबा, तुम्ही बोलावलं म्हणतात.”

“मी?”

“‘या ना घरी’ म्हणालात. पत्ता पण दिलात.”

“कुणी बोलावल्याशिवाय येईल का इतक्या लांब!” शशीवन्सं कडाडल्या. “पद्या, तुझ्या जिभेला काही हाड?”

तोवर मेयर उठला होता. त्यानं पट्टा सारखा केला, घसा साफ केला आणि पेटीचं झाकण काढलं. आत मखमलीवर एक नारळ होता. त्याच्या डोळ्यातून वीतभर हिरवागार कोंब वर आला होता. शेजारी घडी घातलेला जांभळा खण, आणि काचेच्या बरणीत, वर नगरपालिकेचं लाखेचं सील लावून, मूठभर तांदूळ.

मंडळाच्या बायकांच्या तोंडून एकदम “अगंबाई!” निघालं.

ओटी परत आली होती.

“कोंब!” शशीवन्सं हरखल्या. “आशा, नारळाला कोंब फुटलाय गं! केवढं शुभ! पण हा यांच्याकडं कसा? खण तर मी पाठवलेला दिसतोय.”

मेयर बोलायला लागला आणि सुनीती एकेक वाक्य मराठीत करायला लागली. गोष्ट अशी होती. ऑक्टोबरात चर्च झाडणाऱ्या बाईला मूर्तीच्या झग्यात नारळ सापडला. गावात नारळ म्हणजे गोड केकवरचा भुगा. अख्खा कुणी जवळून पाहिला नव्हता. मूर्तीच्या मागून चर्चच्या हीटिंगचा पाइप जात होता, त्या उबेनं हिवाळ्यात त्याला कोंब आला. मग गाव दुभंगलं. मेयर जन्माचा नास्तिक, पण त्याला हा चमत्कार हवा होता, कारण गावातली भट्टी बंद पडायला आली होती आणि शाळेत मुलं उरली नव्हती. फादर कोमलांना तो अजिबात नको होता.

“माझ्या आजीच्या परसात रोज सकाळी असा चमत्कार होतो,” फादर इंग्लिशमध्ये म्हणाले. “मी रविवारी चर्चमध्ये सांगितलं, बाबांनो, नारळाला कोंब येतो, त्यासाठीच तो असतो. माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.”

“एक्झॅक्टली!” पद्माकर खूश झाले. “जर्मिनेशन! फादर, तुम्ही इकडं बसा माझ्याजवळ. वडा घ्या.”

आणि पॅरिसच्या कुठल्याशा खात्याचा माणूस येऊन मूर्ती बघून गेला होता. जुन्या मूर्तीवर झाड वाढवता येत नाही. वस्तू जिची आहे तिला परत द्या, असं त्यानं बजावलं होतं. ऑक्टोबरात गावात आलेली हिंदुस्थानी बाई एकच होती. म्हणून मेयर स्वतः, पूर्ण सन्मानानं, बोटीतून ही वस्तू मादाम टिपणीसना परत द्यायला आले होते.

“पद्धत बघा लोकांची,” शशीवन्संनी मेयरकडं कौतुकानं पाहिलं. “घे आशा. पुढं हो.”

आशा जागची हलली नाही. “वन्सं, भरलेली ओटी परत घेतात का?”

शशीवन्संचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी मेयरकडं बघितलं, ते मगाचं कौतुक काढून घेऊन. “खरंच की! ओ, परत काय आणता? ठेवा ती पेटी बाजूला. सुनीती, सांग त्याला, परत घेत नाहीत.”

“पण का, आत्या?”

“घेत नाहीत म्हणजे घेत नाहीत!”

“हे मी फ्रेंचमध्ये काय म्हणू?”

मंडळातल्या एका बाईनं तोडगा काढला. देवळात पुजारी ओटीतला नारळ प्रसाद म्हणून आपल्याला परत देतो की नाही? ते चालतं. तेव्हा नारळ पाद्र्यानं द्यावा. सगळ्यांना पटलं. मेयरला पटलं नाही. फ्रान्समध्ये असली जुनी चर्चं नगरपालिकेच्या मालकीची असतात, फादर तिथं फक्त पूजा सांगतात. नगरपालिकेच्या इमारतीत सापडलेली वस्तू द्यायचा अधिकार नगरपालिकेचा. यावर फादर म्हणाले, इमारत तुमची असेल, पण सेंत ऑस्तील काही नगरपालिकेची नोकर नाही. त्यावर मेयर असं काही म्हणाला की सुनीतीनं भाषांतर करायचं टाळलं. गेली चार वर्षं त्या दोघांचं बोलणं बंद होतं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला टिपणिसांची बैठकीची खोली मिळाली.

“आणि मुळात मी ते प्रसाद म्हणून देऊ शकत नाही,” फादर म्हणाले. “मी त्याला आशीर्वाद दिलेला नाही. मी त्याला फक्त पाणी घातलं.”

या गडबडीत पद्माकर मात्र आशाकडं बघत होते. “तू ओटी भरलीस? मी बाहेर मनोरा मोजत असताना? मला म्हणालीस फोटो काढतेय.”

“अहो, नंतर बोलू.”

“चाळीस वर्षं मी घरात विज्ञान सांगतोय!”

“ऐकतेय की मी चाळीस वर्षं,” आशा म्हणाली.

मेयरनं हात वर केला. त्याला एक विचारायचं होतं. सबंध हिवाळाभर गावच्या कॅफेत एकच वाद चालला होता, की परदेशातून आलेल्या त्या बाईनं आमच्या ऑस्तीलकडं मागितलं तरी काय? कुणी म्हणे लॉटरी, कुणी म्हणे नवऱ्यापासून सुटका. मादामनी कृपा करून सांगावं. गावाला तोंड दाखवायचंय.

सुनीतीनं हसत हसत आशाकडं मान वळवली. “आई, विचारतात की तुम्ही काय मागितला.”

सगळी खोली आशाकडं बघायला लागली. खिडकीपाशी तिचा मुलगा अजय उभा होता, हातात चहाचा कप. तो एकटाच आईकडं बघत नव्हता. तो जमिनीकडं बघत होता. सुनीतीच्या अटी आशाच्या कानात होत्या. देव नको. नवस नको.

“गुडघे,” ती म्हणाली. “गुडघ्यांसाठी मागितलं.”

सुनीतीनं सांगितलं. मेयरचा चेहरा उजळला. आणि बरे झाले गुडघे?

सगळे आशाच्या गुडघ्यांकडं बघायला लागले. “हो. बरेच,” आशा पुटपुटली.

“बरेच?” शशीवन्सं म्हणाल्या. “काल जिना उतरताना दर पायरीला आई गं, आई गं करत होतीस!”

पण हे मेयरपर्यंत पोचलंच नाही, कारण तो खोलीत येरझारा घालायला लागला होता. गुडघे! अर्ध्या फ्रान्सचे गुडघे दुखतात! त्याला डोळ्यांपुढं कोच दिसायला लागल्या, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांनी भरलेल्या. त्यांना भूक लागणार, म्हणजे भट्टी चालणार. त्यांना मुक्कामाला खोल्या लागणार. गाव एकदा मठाभोवती उभं राहिलं होतं, ते आता गुडघ्यांभोवती उभं राहील! फक्त चर्चच्या पायऱ्यांना कठडा बसवायला हवा. फादर कोमला डोळे मिटून बसले होते. पद्माकर म्हणाले, “ऑस्टिओआर्थ्रायटिस असा नारळानं जात नसतो हो!” आणि मंडळाच्या बायकांतल्या एकीनं हळूच विचारलं, तिकडं जायला व्हिसा लागतो का.

“म्हणजे गुडघ्याचंच होतं ना?” शशीवन्सं एकदम सुटल्यासारख्या म्हणाल्या. “मग कसला एवढा बाऊ! घे परत आणि मोकळी हो. फार तर काय, गुडघा दुखेल. तो दुखतोच आहे.”

“वन्सं, नको.”

“अगं, लोक बोटीतून आलेत. पाहुण्यांना असं ताटकळत ठेवतात का?”

मेयरनं पेटी उचलली. दोन पावलं पुढं येऊन त्यानं ती आशापुढं धरली. आशानं हात मागं घेतले.

“हे बघा, मी घेतो,” पद्माकर उठले. “माझा काही विश्वास नाही, त्यामुळे मला काही बाधणार नाही. इकडं द्या मस्यू.”

आणि त्यांनी खरंच हात पुढं केला.

“हात लावू नका!” आशा किंचाळली.

चाळीस वर्षांत या घरात आशाचा आवाज एवढा चढलेला कुणी ऐकला नव्हता. पद्माकरांचा हात हवेतच राहिला. तिला कळत होतं की आता गप्प बसायला हवं, आणि तोंड काही ऐकत नव्हतं. “ती माझ्या गुडघ्याची नाही! नाही ती गुडघ्याची! गुडघे गेले खड्ड्यात माझे! ती परत घेतली आणि काही झालं तर? आता, इतकं सगळं नीट चाललेलं असताना? दोन महिने राहिलेत फक्त...”

पुढचं वाक्य तिनं गिळलं. पण तिची नजर जिथं जायला नको तिथं गेली होती.

सुनीतीनं त्या नजरेच्या मागोमाग खाली पाहिलं, स्वतःच्या पोटाकडं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. “ऑक्टोबरमध्ये.” ती मनात महिने मोजत होती हे सगळ्यांना दिसलं. “पण ऑक्टोबरमध्ये तर काही नव्हतं. आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं की आम्ही ट्राय करतोय. तुम्हाला माहीत होता? आधीचं पण?”

आशानं मान हलवली. हो.

“अजय?”

“मी नाही सांगितलं,” अजय जमिनीकडं बघतच म्हणाला. “सुनी, आय स्वेअर.”

शशीवन्संनी तोंड उघडलं होतं ते मिटलं. आधीचं म्हणजे काय, हे त्यांना समजलं होतं, आणि असं समजल्यावर बोलायचं नसतं एवढं शहाणपण त्यांच्यापाशी होतं. मेयर पेटी धरून ताटकळला होता. त्यानं अदबीनं विचारलं, मादाम काय म्हणाल्या?

सुनीतीनं पदर सावरला. आशाला वाटलं, संपलं. आठ वर्षं तळहातावर जपलेलं एका किंकाळीत गेलं. आता ही उठेल, साडी सोडेल, आणि गाडीत बसून जाईल, आणि नातवंडाचं तोंड आपल्याला फोटोत बघावं लागेल. तिला वाटलं ओटी परत येणं म्हणजे हेच असावं.

मग सुनीती फ्रेंचमध्ये बोलली. थोडंच बोलली. आशाला त्यातला एक शब्द कळला नाही. तिला दिसलं ते एवढंच, की मेयरनं पेटी हळूच खाली टीपॉयवर ठेवली, छातीवरचा तो पट्टा काढला आणि घडी करून खिशात घातला. फादर कोमलांनी मान खाली घातली.

“काय सांगितलंस गं?” शशीवन्संनी दबक्या आवाजात विचारलं.

“खरा सांगितला.” सुनीतीनं नाक पुसलं आणि खुर्चीत सरळ बसली. मग तिचा आवाज बदलला. हा आवाज घरातल्यांनी ऐकलेला नव्हता. हा ऑफिसातला असावा. ती आधी फ्रेंचमध्ये बोलली, मग मराठीत. “मी त्यांना म्हटलं की ही वस्तू परत करता येत नाही, कारण ती आईंची नाही. गिफ्ट दिला, आणि घेणाऱ्यानं घेतला, की संपला. मालक बदलला. आईंनी दिला. त्या लेडीनं सात महिने धरून ठेवला. म्हणजे घेतलाच ना? आता ते तिचा आहे. तिच्याकडून काढून आणला, तर तो तुमचा चूक आहे.”

“हेच म्हणत होते मी!” शशीवन्सं म्हणाल्या. “परत घेत नाहीत! कायद्यातसुद्धा आहे!”

मेयर विचारात पडला. पण पॅरिसचं खातं? मूर्तीवर झाड चालत नाही.

“मूर्तीवर नको,” फादर कोमला म्हणाले. “मठाच्या मागं साध्वींची बाग होती, ती मोकळी पडलीय. काचेचं छप्पर करू. नारळ तिचा, बाग तिची.” ते जरा थांबले. “पाणी मी घालीन. चमत्कार वगैरे काही म्हणायचं नाही.”

“आणि गुडघे?” मेयरनं आशेनं विचारलं.

“नो नीज,” फादर म्हणाले.

मेयरनं एक लांब श्वास सोडला. मग फादरनी आपणहून हात पुढं केला आणि चार वर्षांनी त्या दोघांनी हातात हात दिले. मेयरनं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा पोटाशी धरली, आणि पद्माकरांनी जेवायला चला म्हटल्यावर लगेच उठला. आमंत्रण खरं असतं यावरचा त्याचा विश्वास या घरानं डळमळू दिला नव्हता. थोड्या वेळानं तो उकडीचे मोदक खात होता आणि मंडळाच्या बायका त्याला तूप कसं ओतायचं ते खुणांनी दाखवत होत्या.

आशा स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहिली. कढईतलं तेल गार झालं होतं. मागं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. साडीची सळसळ तिनं ओळखली, पण वळायचं धैर्य होईना.

“तुम्हाला कसं कळला?” सुनीतीनं विचारलं.

“अजय फोनवर म्हणाला, या वीकेंडला येत नाही. आवाज निराळा होता. मग तू हळदीकुंकवाला यायची थांबलीस. तिथं बायका ओटी भरतात ना.” आशा ओट्याशी बोलत होती. “मी आई आहे गं. कळतं.”

“आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत.”

“तुला आवडत नाही कुणी मध्ये पडलेलं. मी म्हटलं, तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. मी चुकले, सुनीती. त्या दगडी बाईला सांगितलं मी. तुला विचारायला हवं होतं.”

शेवटी आशा वळली. सुनीती दाराला पाठ लावून उभी होती आणि रडत होती, आवाज न करता, सवय असल्यासारखी.

“मला तुमचा राग यायचा,” ती म्हणाली. “खूप राग. मला वाटायचं, ह्यांना माझं काही दिसतच नाही. मी इथे येऊन हसायची, जेवायची, आणि घरी जाताना गाडीत रडायची. आणि तुम्ही सगळं बघत होता.”

“बघत होते.”

“सगळं?”

“तिन्ही वेळा,” आशा म्हणाली.

सुनीतीनं मान हलवली. नाही.

“चार,” ती म्हणाली. “पहिलं गेलं ते अजयला पण माहीत नाही. तो तेव्हा कोर्ससाठी अमेरिकेत होता. मी एकटीच होते. मी एकटीच हॉस्पिटलला गेले आणि बसनं परत आले, आणि त्याला फोनवर म्हटलं, सगळं ठीक आहे. मग सांगायचं राहूनच गेला.” तिनं आशाकडं पाहिलं. “आई, त्याच्यासाठी कोणीच काही मागितलं नाही.”

बाहेरून दारावर थाप पडली. “आशा! अगं ओटी भरायची राहिलीय सुनीतीची! सगळ्या खोळंबल्यात!”

उभ्या जन्मात आशानं शशीवन्संना कधी थांबवलं नव्हतं.

“थांबा जरा, वन्सं,” ती म्हणाली, आणि दाराला आतून कडी घातली. मग खुर्ची ओढून तिनं सुनीतीला बसवलं, स्वतः दुसरी घेतली आणि तिचे दोन्ही हात हातात धरले.

“सांग,” आशा म्हणाली. “त्या पहिल्याचं सांग मला.”